नावाचा रकाना

४ मार्च

चि. बारके,

तू राउटर आणि कॅमेरा बसवून गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. काम चोख झालंय. मी स्वयंपाकघरात काहीही करत असलो तरी ओट्यावरच्या पडद्यात तुझी मामी दिसते. तिनं डावा हात उचलला की मी हातातलं टाकून जातो. झटक्यानंतर तिची वाचा गेली आणि माझे कान तर आधीच गेलेले. काल तिला म्हटलं, आपण दोघं मिळून आता एक धड माणूसही होत नाही. तर हसली. अर्ध्याच तोंडानं, पण हसली.

तू दाखवलंस तसं रोज सकाळी राउटरचं नोंदींचं पान उघडतो आणि जे काही असेल ते वहीत उतरवून घेतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षं बिघाडांचं रजिस्टर ठेवलं, हात शिवशिवतो. दोन संदेश कळले नाहीत. एक, "लिंक डाउन", मंगळवारी ११:२०, आणि मिनिटभरानं "लिंक अप". तेवढा वेळ पडदा काळा पडला आणि माझं काळीज हललं. दुसरा, "लीज एक्स्पायर्ड". म्हणजे भाडेकराराची मुदत संपली ना? अगं, हे घर आपलं स्वतःचं आहे.

आणखी एक. कधीकधी दुपारी पडद्यावरचं चित्र आपोआप सरकतं. कॅमेरा मान उजवीकडे वळवतो, मग डावीकडे, मग पुन्हा जागेवर. मी हात लावत नाही. हा बिघाड आहे का?

एक पुन्हा सांगून ठेवतो. बाहेरून कोणालाही त्या खोलीत डोकावता येता कामा नये. तुलासुद्धा. आजारी बाईची खोली आहे ती. तू कबूल केलं आहेस.

फोन घे, फोन घे म्हणून मागे लागू नकोस. पोटच्या पोरानं साहेबांकडे जाऊन "बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही" असं सांगितलं आणि निवृत्तीला आठ महिने असताना मला फोन घ्यायच्या बोर्डावरून उठवलं. त्या दिवसापासून या घरात फोन नाही, आणि त्याचं नावही नाही. पत्र पाच दिवसांनी का होईना, पोचतं.

तुझा मामा

&nbsp;

१० मार्च

ती. मामा,

तुमचं अक्षर बघून आमच्या ऑफिसातल्या मुली म्हणाल्या, हे छापलंय का? असं रजिस्टर आमच्याकडे एकजण ठेवेल तर शपथ.

"लिंक डाउन" म्हणजे तार सैल आहे. राउटरच्या मागे निळी तार आहे, तिचं टोक आत दाबा. नीट बसलं की टक् होतं, ते तुमच्या बोटाला कळेल. "लीज"चं असं की राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक ठरावीक तासांपुरता वापरायला देतो. मुदत संपली की पुन्हा देतो. घर तुमचंच आहे, कोणी सामान बाहेर काढायला येत नाही.

आणि मामा, असल्या संदेशांनी जिवाला घोर लावून घेऊ नका. ती वाक्यं तुम्हाला उद्देशून कोणी लिहिलेली नसतात. कुठल्यातरी कारखान्यात कोणीतरी ती एकदाच लिहून ठेवलेली असतात, आणि वेळ आली की यंत्र त्यातलं एक काढून पुढे करतं. त्यात राग नसतो आणि लोभही नसतो.

कॅमेरा मान हलवतो ती त्याची स्वतःची तपासणी असते. बिघाड नाही. मामी ते बघत असेल तर बघू द्या, तेवढाच विरंगुळा.

बसवताना मी घाईत सोपे पासवर्ड घातलेत. ते बदलून घ्या. कसे, ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे.

तुमची बारकी

&nbsp;

२ एप्रिल

चि. बारके,

तार दाबली, टक् झालं, तेव्हापासून "लिंक डाउन" एकदाही नाही. पासवर्ड सत्तावीस मार्चला बदलले. अर्धवट काम मला जमत नाही, त्या पानावर जेवढे दिसले तेवढे सगळे बदलून टाकले.

पण आता भलतंच सुरू झालंय. वहीतून उतरवतो:

२८ मार्च, १६:००, ऑथेंटिकेशन फेल्ड, तीन वेळा.
२९ मार्च, १६:००, तेच, तीन वेळा.
३० मार्च, १६:०१, तेच, चार वेळा.

तेव्हापासून कालपर्यंत रोज हेच. शब्दकोशात पाहिलं. कोणीतरी बाहेरून आत यायला बघतंय आणि त्याची ओळख पटत नाही, असा अर्थ मी लावला. बरोबर आहे का? पुढे आकड्यांचा एक पत्ता दिसतो, तो नेहमी एकच. त्याच्या शेजारी नावाचाही रकाना आहे, पण तो मी उतरवत नाही. एक्स्चेंजमध्ये आमचा शिरस्ता होता, बिघाड लिहायचा, वेळ लिहायची, लाइन लिहायची. कोण कोणाला फोन करतंय ते लिहायचं नाही. ते आपलं काम नाही.

मला खरंच भीती वाटते गं. तुझी मामी स्वतःचं पांघरूणसुद्धा सावरू शकत नाही. तिच्याकडे कोणी परका डोळे लावून बसायचा म्हणजे काय! लवकर कळव. हल्ली ती जेवायलाही कुरकुर करते. घास तोंडात धरून बसते आणि कोपऱ्यात बघत राहते.

तुझा मामा

&nbsp;

९ एप्रिल

ती. मामा,

अर्थ अगदी बरोबर लावलात. पण घाबरू नका. जगातल्या प्रत्येक राउटरचं दार असं कोणी ना कोणी वाजवत असतं. ती माणसंही नसतात, यंत्रं असतात. ओळखायचं कसं, तर वेळेवरून. माणूस कधी दहा मिनिटं आधी येतो, कधी उशिरा, एखादा दिवस विसरतो. रोज ठोक्याला चार वाजता येतं ते यंत्रच. नावाचा रकाना गाळलात ते ठीक आहे. असली यंत्रं हजार नावं घालून बघतात, त्याला काही अर्थ नसतो.

त्याची खोड मोडू. पानावर डावीकडे "ब्लॉक लिस्ट" आहे. ती उघडा, आकड्यांचा तो पत्ता जसाच्या तसा भरा आणि खालचं लाल बटण दाबा. पुढच्या वेळी त्याला "व्यवस्थापकाने प्रवेश नाकारला आहे" असा संदेश जाईल. मग पुन्हा येणार नाही.

मी तीन आठवडे कामात गळ्यापर्यंत बुडाले आहे. एका मोठ्या इस्पितळाचं सगळं नेटवर्क बदलतोय. ते संपलं की येतेच. मामीला सांगा, बारकी येणार आहे, जेवली नाहीस तर ती रागावेल.

तुमची बारकी

&nbsp;

२४ एप्रिल

चि. बारके,

तुझं पत्र तेराला मिळालं. चौदाला सकाळी पत्ता भरला, आकडे दोनदा ताडून पाहिले आणि बटण दाबलं. त्या दिवशी चार वाजता एक नोंद आली, "ब्लॉक्ड". त्यानंतर आजपर्यंत काही नाही. दहा दिवस वहीचं पान कोरं आहे. माझा जीव भांड्यात पडला. तू पोरगी हुशार आहेस.

मामीचं मात्र ठीक नाही. सकाळी येणारी नर्स म्हणते, नाडी मंद आहे. पाण्याशिवाय काही घेत नाही. मधे एक खूळ लागलं होतं. दुपार झाली की मान वळवून वरच्या कोपऱ्याकडे बघत बसायची आणि डाव्या हाताची बोटं हलवायची. मी धावत जायचो, काय हवं विचारायचो, तर माझ्याकडे बघायचीही नाही. मला वाटलं उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. खिडकीचा पडदा ओढला, तरी तेच. आता चार-पाच दिवस झाले, ते बंद आहे. भिंतीकडे तोंड करून पडते. निदान ऊन तरी लागत नाही.

अजून एक राहिलं. कॅमेऱ्याची ती स्वतःची तपासणी बंद पडली आहे. रोज चारच्या सुमारास व्हायची. मी वहीच्या मागच्या पानावर खुणा करत होतो. शेवटची खूण सत्तावीस मार्चची. हा बिघाड धरायचा का? घाई नाही. तू आलीस की बघ.

तुझा मामा

&nbsp;

३ मे

दादा,

मामी गेल्याचा नर्सचा फोन आला तसं मी तुला सव्वीसलाच कळवलं. तू आला नाहीस. मामा दोन दिवस दाराकडे पाठ करून बसले होते आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आईलाही आला नाही."

परवा मी घरी परतले. टपालाच्या पेटीत मामांचं पत्र पडलं होतं, चोवीस तारखेचं. मी तिकडे त्यांच्या शेजारी बसले होते तेव्हा ते इकडे येऊन पडलेलं. ते दारातच उभ्यानं वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले.

मला एवढंच सांग. मी मामांपासून लपवून तुला कॅमेऱ्याचं खातं दिलं होतं. तू मामीला रोज किती वाजता बघायचास?

बारकी

&nbsp;

९ मे

बारके,

चार वाजता. आमच्या कारखान्यात चारचा भोंगा झाला की पंधरा मिनिटं सुट्टी असते. यंत्राच्या मागे जाऊन उभा राहायचो आणि मोबाइलवर आईला बघायचो. कॅमेरा उजवीकडे-डावीकडे वळवायचो. चार दिवसांत तिला कळलं की मी आहे. बोटं हलवायची. पाळण्यातल्या पोराला आपण हलवतो ना, तशी. मी चाळिशीला आलोय गं.

अठ्ठावीस मार्चपासून पासवर्ड चालेना. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. रोज तीन-चार वेळा घालून बघायचो. तुला विचारणार होतो. मग वाटलं, बाबांना कळलं असेल, त्यांनी तुला धारेवर धरलं असेल, त्यात तुझी आणखी अडचण कशाला. मी अठरा एप्रिलपासून रजा टाकली होती. ठरवलं होतं, जायचं आणि त्यांच्या समोर उभं राहायचं. मारलं तर मारलं.

चौदा तारखेला पडद्यावर आलं, "व्यवस्थापकाने प्रवेश नाकारला आहे." घराचा व्यवस्थापक कोण ते मला ठाऊक आहे. चार वर्षांत बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. हा पहिला. मी रजा मागे घेतली. ती गेल्याचं तू कळवलंस तेव्हाही तेच वाक्य डोळ्यांसमोर होतं.

आता तुझ्या पत्रावरून वेगळंच काहीतरी दिसतंय. खरं काय ते सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. मला एकच कळायला हवं. मी दिसेनासा झालो तेव्हा आईला काय वाटलं? मी तिला बघायचं सोडलं, असं वाटलं का?

दादा

&nbsp;

१५ मे

ती. मामा,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं आहे. आता सरळ लिहिते.

मी तुमच्याशी खोटं बोलले. कॅमेरा स्वतःची तपासणी वगैरे काही करत नाही. तो दादा होता. बाहेरून कोणाला डोकावू देणार नाही असं तुम्हाला कबूल केलं आणि त्याच दिवशी त्याला खातं उघडून दिलं. तुम्ही ओळखू नये म्हणून खात्याचं नाव ठेवलं "पाहुणा". तुम्ही सगळे पासवर्ड बदलले त्यात त्याचाही बदलला. तुमच्या पत्रात ते वाक्य होतं. मी वाचलं, "मामा म्हणजे मामा" म्हणून हसले आणि पुढे गेले. नावाचा रकाना तुम्ही गाळला होता. एक ओळ लिहून विचारलं असतं, नाव काय दिसतंय, तर संपलं असतं. नाही विचारलं. बारा वर्षं हेच काम करते ना मी, मला सगळं येतं! ठोक्याला चार म्हणजे यंत्र. तुमचा मुलगा वेळेचा किती पक्का आहे आणि तो कोणाकडून शिकला, हे मला सुचलं नाही.

लाल बटण तुम्ही दाबलंत, पण हात माझा होता. तुम्ही स्वतःला काही लावून घेऊ नका.

दादाचं पत्र सोबत पाठवते. त्याच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायची माझी हिंमत नाही, आणि मी तिथे नव्हते. मामा, पाया पडते, त्याला लिहा की मामीला शेवटच्या महिन्यात काही कळत नव्हतं. एवढं लिहा. नर्सही तसंच म्हणाली असती. तो जन्मभर हे घेऊन कसा जगेल?

बारकी

&nbsp;

२२ मे

चि. ...

चार वर्षांत तुला हाक मारली नाही, म्हणून मायना काय लिहावा ते सुचेना. तसाच सोडतो.

तुझं पत्र बारकीनं मला पाठवलं. तिचं म्हणणं, तुला असं लिहावं की तुझ्या आईला शेवटी काही कळत नव्हतं. पोर चांगली आहे, रडून रडून अर्धी झाली असेल. तिला बोल लावू नकोस. मीही लावलेला नाही. आधी लावणार होतो, कागदही घेतला होता, पण हात चालला नाही.

मी तुला खोटं लिहिणार नाही. तिला सगळं कळत होतं. अठ्ठावीस मार्चपासून रोज चार वाजता ती कॅमेऱ्याकडे मान वळवायची आणि बोटं हलवायची. एकोणीस एप्रिलपर्यंत, म्हणजे तेवीस दिवस. चौदाला मी तुझा पत्ता अडवला, त्यानंतरही पाच दिवस. मी समोर उभा राहून तिला विचारत होतो, ऊन लागतंय का. मी पडदा ओढला. वीस तारखेला तिनं भिंतीकडे तोंड केलं. तू बघायचं सोडलंस असं तिला वाटलं का, असं विचारतोस. हो. तसंच वाटलं असणार. दुसरं काही वाटायला मी जागा ठेवली नाही.

आता हेही ऐक. बारकी लिहिते की तुम्हाला ठाऊक नव्हतं, चूक झाली. ठाऊक नव्हतं हे खरं. पण दोन दिवस मी स्वतःला विचारतोय की तिथे "पाहुणा"च्या जागी तुझं नाव असतं आणि मी ते वाचलं असतं, तर काय केलं असतं? तरीही मी बटण दाबलंच असतं. अधिक जोरात दाबलं असतं. म्हणून चूक झाली एवढं म्हणून सुटता येत नाही. तू तो संदेश वाचलास आणि हे बाबाच बोलले असं समजलास. तू फारसा चुकीचा नव्हतास रे.

माझ्या कानाबद्दल साहेबांना सांगितलंस तेव्हा तू खरं बोलला होतास. त्या आठवड्यात आगीचा एक फोन माझ्या डाव्या कानाला आला आणि मला कळलाच नाही. शेजारच्यानं घेतला म्हणून निभावलं. हे तुझ्या आईलाही मी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, तूच उगाच बोललास, तरीही ती तुझीच बाजू घ्यायची.

तू विचारलंस त्याचं उत्तर दिलं. खरं काय ते आता तिला तूही सांगू शकणार नाहीस, मीही नाही. तू दार वाजवत होतास आणि मी आतून कडी घालत होतो, हे तिला कळलं असतं तर तिनं मला माफ केलं नसतं आणि जेवली असती.

तुझी वाट बघायचं काम या घरात आजवर तिच्याकडे होतं. मी त्यात कधी लक्ष घातलं नाही. आता ते माझ्याकडे आलंय. मला जमतंय की नाही ठाऊक नाही, सोमवारपासून सुरू केलंय.

बाबा